प्लेट कापण्याआधी आकडेमोड करा

गेल्या महिन्यात आमच्या गावात मारुतीच्या पारासमोर एक प्रयोग झाला. आयटीआय झालेल्या एका पोराने स्टेनलेसच्या प्लेटा, रबराची गॅस्केटं आणि नट-बोल्ट जुळवून एक डबा तयार केला. ट्रॅक्टरच्या बॉनेटशेजारी तो बांधला, बॅटरीच्या दोन तारा जोडल्या, आणि बाजूच्या पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे यायला लागले. साबणाच्या फेसात तो गॅस भरून त्याने लांब काडीने पेटवला. ठाप्पकन आवाज झाला, पारावरची कुत्री पळाली आणि जमलेल्या मंडळींनी टाळ्या पिटल्या. पाण्यावर ट्रॅक्टर चालणार, डिझेल तिसरा हिस्सा वाचणार, हे त्याच संध्याकाळी पारावर ठरूनही गेलं.

पुढच्याच आठवड्यात बाहेरगावचा एक माणूस छापील पत्रक घेऊन हजर. ग्रामपंचायतीच्या टँकरच्या ट्रॅक्टरला असलाच ‘हायड्रोजन किट’ बसवून देतो, पंचवीस हजार पडतील, म्हणाला. आता तो विषय ग्रामसभेपुढे यायचा आहे. तुमच्याही गावात असा माणूस येऊन गेला असेल, नसेल तर येईल. म्हणून हा लेख.

मी काही शास्त्रज्ञ नव्हे. पोरांना तारा जोडायला आणि मीटर वाचायला शिकवण्यात माझी नोकरी गेली. त्या पोराचं मला कौतुकच आहे. डबा त्याने हाताने केला होता आणि चांगला केला होता. त्याने मला विचारलं, “सर, प्लेट मोठी घेतली तर गॅस जास्त निघेल ना? किती बाय किती कापू?” प्रश्न अगदी नेमका आहे. ह्या एका प्रश्नाचं उत्तर नीट काढलं, की ग्रामसभेपुढच्या विषयाचं उत्तरही त्यातच सापडतं. तर कागद-पेन्सिल घ्या.

गॅस प्लेट देत नाही, ॲम्पिअर देतो

पाण्यातून वीज सोडली की पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन भाग होतात, हे इंग्लंडमध्ये १८०० सालीच दिसून आलं. किती विजेला किती गॅस, हा हिशेब मायकेल फॅरडे यांनी १८३४ पर्यंत पक्का केला. त्या हिशेबात प्लेटच्या आकाराला जागाच नाही. एका कप्प्यातून एक ॲम्पिअर प्रवाह एक तास गेला, की ०.०३७६ ग्रॅम हायड्रोजन निघतो. तीस अंश तापमानाला हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून साधारण ७०० मिलिलिटर गॅस होतो. प्लेट पोस्टकार्डाएवढी असो की ताटाएवढी, आकडा तोच.

आपल्या भाषेत सांगायचं तर वाफा रुंद केला म्हणून पाटाला पाणी वाढत नाही. पाणी मोटार देते. वाफा अरुंद असेल तर पाणी बांध फोडतं, एवढंच. प्लेटचं तसंच आहे. प्लेट लहान पडली तर तेवढ्याच प्रवाहात ती तापते, पाणी उकळायला लागतं, आणि पत्रा खाऊन तपकिरी गाळ बसतो. मोठी घेतली तर थंड राहते, जास्त टिकते. मोठी प्लेट बसवल्यावर कधी कधी बुडबुडे वाढलेले दिसतात, ते खरं आहे; पण तेव्हा ॲम्पिअर वाढलेला असतो. मीटर लावून बघा म्हणजे कळेल.

मग प्लेट कापायची किती?

आधी प्लेटांची संख्या. ती व्होल्टवर ठरते. एका कप्प्याला, म्हणजे समोरासमोरच्या दोन प्लेटांमधल्या जागेला, दोन व्होल्टच्या आसपास लागतात. इंजिन चालू असताना बारा व्होल्टच्या गाडीत प्रत्यक्षात चौदा व्होल्ट असतात. चौदाला दोनाने भागा. सात कप्पे झाले. सात कप्प्यांना आठ प्लेटा. तारा फक्त टोकाच्या दोन प्लेटांना जोडायच्या, मधल्या सहा नुसत्या उभ्या राहतात. चोवीस व्होल्टच्या ट्रकला चौदा कप्पे आणि पंधरा प्लेटा. पुष्कळ जण दोनच प्लेटा बाटलीत सोडून थेट बॅटरीला जोडतात. त्यात दोन व्होल्टचं काम होतं आणि बाकी बारा व्होल्ट पाणी तापवण्यात जातात. त्याला चहाचा हीटर म्हणावं, गॅसचा डबा म्हणू नये.

आता प्लेटचा आकार. तो ॲम्पिअरवर ठरतो. घरगुती डब्याला एका ॲम्पिअरमागे तेरा चौरस सेंटीमीटर जागा, हा सुरक्षित ठोकताळा आहे. वीस ॲम्पिअर घ्यायचे तर दोनशे साठ चौरस सेंटीमीटर, म्हणजे सुमारे सोळा बाय सोळाची प्लेट. पण ही झाली पाण्यात भिजणारी जागा. गॅस्केटखाली दबलेली कड त्यात धरायची नाही. चारी बाजूंनी दीड-दीड सेंटीमीटर सोडा, म्हणजे पत्रा एकोणीस बाय एकोणीसचा कापावा लागेल. प्लेटच्या दोन्ही बाजू मोजू नका. एक बाजू एका कप्प्याची, दुसरी शेजारच्या कप्प्याची. इथे चुकतात आणि निम्मीच प्लेट कापून बसतात.

जाडीने गॅस वाढत नाही; प्लेट सरळ उभी राहील एवढी, एक मिलिमीटर, पुरे. दोन प्लेटांत दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवा. पत्रा ३१६ एल जातीचा घ्या. भांड्यांचा ३०४ त्यापेक्षा लवकर खाल्ला जातो. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते. डबा तापला की त्याचा विरोध कमी होतो, प्रवाह वाढतो, प्रवाह वाढला की डबा आणखी तापतो. सकाळी थंड असताना वीस ॲम्पिअर दाखवणारा डबा तास-दीड तासाने तीस-पस्तीसवर गेलेला असतो. थंड डब्यावर मोजून प्लेट आणि वायर ठरवली तर वायर वितळते.

आता त्याच कागदावर दुसरा हिशेब

प्लेट बरोबर कापली, डबा उत्तम झाला. आता तो काय देतो ते बघू. वीस ॲम्पिअर गुणिले सात कप्पे, म्हणजे एकशे चाळीस. तासाला हायड्रोजन निघाला सव्वापाच ग्रॅम. ऑक्सिजन धरून सुमारे अठ्ठ्याण्णव लिटर गॅस, म्हणजे मिनिटाला दीड लिटरच्या जरा वर. बाटलीत बघायला हे खूप वाटतं. पण अडीच लिटरचं ट्रॅक्टरचं इंजिन अठराशे फेऱ्यांवर मिनिटाला दोन हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं. आपला गॅस त्यात हजारात एक भागसुद्धा नाही.

सव्वापाच ग्रॅम हायड्रोजन जाळून जी उष्णता मिळते, ती अठरा मिलिलिटर डिझेलच्या बरोबरीची आहे. औषधाच्या बाटलीच्या टोपणाने मोजाल तर दोनेक टोपणं. तासाला एवढा हा लाभ.

आता खर्च. चौदा व्होल्ट गुणिले वीस ॲम्पिअर, म्हणजे दोनशे ऐंशी वॅट वीज. ती आभाळातून येत नाही. अल्टरनेटर ती तयार करतो, अल्टरनेटर पट्ट्यावर फिरतो, पट्टा इंजिन फिरवतं आणि इंजिन डिझेल पितं. अल्टरनेटरला मिळालेल्या ताकदीतली साठ टक्क्यांच्या आसपासच वीज होते. इंजिन डिझेलच्या उष्णतेतला फार तर तिसरा हिस्सा ताकदीत बदलतं, बाकी रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जातं. उलटा हिशेब मांडला, तर दोनशे ऐंशी वॅटसाठी तासाला सुमारे दीडशे मिलिलिटर डिझेल जास्त जळतं.

दीडशे देऊन अठरा घ्यायचे. असला व्यवहार बाजारात कोणी केला तर घरची माणसं त्याला दुसऱ्यांदा बाजारला पाठवत नाहीत.

पोराने विचारलं, “सर, प्लेट आणखी सुधारली तर?” चांगला प्रश्न. समजा, देवाने स्वतः प्लेट घडवली आणि विजेचा कणही वाया गेला नाही. तरी दोनशे ऐंशी वॅटमधून दोनशे ऐंशी वॅटच मिळणार. त्याचं तासाला होतं अठ्ठावीस मिलिलिटर डिझेल. म्हणजे जगातली सर्वांत उत्तम प्लेटसुद्धा तोट्याचीच. पत्रा बदला, आकार बदला, पाण्यात काहीही मिसळा, हा तोटा प्लेटमध्ये नाहीच. तो पट्ट्यावर आणि इंजिनात आहे.

मुळात पाणी हे इंधन नव्हे. पाणी म्हणजे हायड्रोजन जळून उरलेली राख. चुलीतली राख पुन्हा पेटत नाही. राखेचं पुन्हा लाकूड करायचं तर तेवढीच ऊर्जा आधी खर्चावी लागते.

मग ॲव्हरेज वाढल्याचं लोक का सांगतात?

विकणारा म्हणतो, गॅस थोडा असला तरी तो डिझेल पूर्ण जाळतो. ऐकायला बरं वाटतं. पण निरोगी डिझेल इंजिनात अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या वर डिझेल आजही जळतंच. न जळलेलं वाचवायला शिल्लक आहेच किती? ज्याचा ट्रॅक्टर काळा धूर ओकतो, त्याचा एअर फिल्टर चोंदलेला असतो किंवा नोझल बिघडलेला असतो. त्याला फिटर लागतो, हायड्रोजन नव्हे.

सांगणारे सगळे खोटं बोलतात असंही नाही. पंचवीस हजार घातले की माणूस गाडी हळू चालवतो, गिअर जपून टाकतो, टायरची हवा बघतो. ॲव्हरेज तिथे वाढतं. काही ठिकाणी किट बसवताना फिल्टर बदलतात, तेल बदलतात, आणि श्रेय जातं डब्याला. नव्या पेट्रोल गाड्यांत तर काही जण सेन्सरलाच फसवतात. मग इंजिनाला पेट्रोल कमी मिळतं, ते तापतं, आणि वर्षभराने व्हॉल्व्हचं काम निघतं.

खरी परीक्षा सोपी आहे. टाकी काठोकाठ भरा. एकाच रानात, एकाच गिअरमध्ये, एकाच नांगरावर एक दिवस किट चालू आणि एक दिवस बंद ठेवा. संध्याकाळी पुन्हा काठोकाठ भरून डिझेल मोजा. असे चार-सहा दिवस करा. किट चालू आहे की बंद, हे ड्रायव्हरला कळू देऊ नका. ज्याला आपल्या मालाची खात्री आहे, तो ह्या परीक्षेला नाही म्हणणार नाही.

जीव स्वस्त नाही

पैशाचा तोटा भरून निघेल, डोळे भरून निघत नाहीत. आपल्या सगळ्यांना माहीत आहे, की बॅटरी चार्जिंगला लावली असताना जवळ बिडी पेटवायची नसते. तिथे निघतो तो हाच गॅस. वर्कशॉपमध्ये चार्जिंगची बॅटरी फुटलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. ॲसिड छतापर्यंत उडालं होतं. आणि आपला हा डबा तर तो गॅस मुद्दाम काढतो, तोही हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेमके जळायच्या प्रमाणात मिसळलेले. हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत हायड्रोजन असला तर तो पेट घेतो, आणि अंगावरच्या टेरिकॉटच्या कपड्याची ठिणगीही त्याला पुरते. हा गॅस ट्यूबमध्ये, फुग्यात, सिलिंडरमध्ये साठवायचा प्रयत्न कोणीही, कधीही करू नये.

पाण्यात काय मिसळता तेही महत्त्वाचं. मीठ टाकलं तर क्लोरीन निघतो, तो विषारी, आणि पत्राही खाऊन टाकतो. कॉस्टिक टाकलं तर प्रवाह चांगला जातो, पण त्याचा एक थेंब डोळा घालवायला पुरेसा आहे. त्याची वाफ नळीतून इंजिनात गेली तर ॲल्युमिनियमचा पिस्टन खाते. स्टेनलेसमधलं क्रोमियम पाण्यात उतरून पिवळसर-तपकिरी पाणी होतं, ते फार विषारी असतं आणि कर्करोगाला कारण ठरतं. ते पाणी विहिरीजवळ, गोठ्यात, ओढ्यात ओतणं म्हणजे आपल्याच घागरीत विष कालवणं आहे.

सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांसाठी

तुमच्यापुढे असा प्रस्ताव आला तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक म्हणजे कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या माहितीत फरक पडेल असा फेरबदल गाडीत मनाने करता येत नाही. इंधनाचा किट बसवायचा तर तो मान्यताप्राप्त लागतो आणि परिवहन कार्यालयात नोंद लागते. विकणाऱ्याकडे त्या किटच्या मान्यतेचा कागद मागा. छापील पत्रक म्हणजे मान्यता नव्हे. उद्या टँकरला आग लागली तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारील, आणि उत्तर ठरावावर सही करणाऱ्यांना द्यावं लागेल.

दुसरी गोष्ट म्हणजे अल्टरनेटर. पुष्कळ ट्रॅक्टरांचा अल्टरनेटर पस्तीस-चाळीस ॲम्पिअरच्या घरातला असतो. त्यातले वीस-तीस ह्या डब्याने खाल्ले, तर रात्री टँकर भरायला जाताना दिवे मंद आणि सकाळी बॅटरी बसलेली. मग बॅटरीचं बिल वेगळं.

विकणारा तुम्हाला सरकारच्या हायड्रोजन योजनेचं कात्रण दाखवील. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली, १९,७४४ कोटींची तरतूद ठरली, हे खरं आहे. पण तिथली वीज ऊन-वाऱ्यापासून घ्यायची आहे आणि प्लेटा मोठ्या कारखान्यात बसायच्या आहेत. गाडीच्याच इंजिनाने वीज करून, त्याच इंजिनाला गॅस पाजायचा, असं त्या योजनेत कुठेही नाही. बैलाला त्याच्याच शेणावर पोसण्यातला हा प्रकार आहे.

असले दावे नवे नाहीत. अमेरिकेत स्टॅनली मेयर नावाचे गृहस्थ पाण्यावर गाडी चालते म्हणून सांगत. १९९६ साली ओहायोच्या न्यायालयाने त्यांचा डबा तज्ज्ञांकडून तपासून घेतला. ते साधं पाण्याचं विघटनच निघालं, आणि गुंतवणूकदारांचे पंचवीस हजार डॉलर परत द्यायला लावले. २००८ साली तिकडे पेट्रोल भडकलं तेव्हा ह्याच किटची मोठी लाट आली आणि ओसरली. आपल्याकडे १९९६ सालीच वनस्पतीपासून पेट्रोल काढल्याचा गाजावाजा झाला होता, जुन्या वाचकांना आठवत असेल. ते पेट्रोल आजवर एकाही पंपावर आलेलं नाही. इंधन महागलं की असली माणसं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवतात.

मग करायचं काय?

डिझेल वाचवायचंच आहे ना? मग आज संध्याकाळी टॉर्च घेऊन ट्रॅक्टरखाली वाका. डिझेलच्या नळीच्या जोडावर सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर थेंब लहान धरूनही तासाला सत्तर मिलिलिटर डिझेल मातीत जातं. म्हणजे त्या किटमधून निघणाऱ्या गॅसच्या चौपट. दोन रुपयांच्या वॉशरने ते थांबतं. धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर रोज झाडा, नोझल वेळेवर तपासून घ्या, टायरची हवा कामाप्रमाणे ठेवा, हलक्या कामाला वरचा गिअर आणि कमी रेस वापरा, उभ्या ट्रॅक्टरचं इंजिन बंद करा. ह्यात नवल काही नाही, म्हणून ह्याचं पत्रक कोणी छापत नाही.

आणि त्या पोराचं काय? त्याला हसू नका. त्याने जे केलं ते डोक्याने आणि हाताने केलं. मी त्याला घेऊन शाळेत गेलो. नऊ व्होल्टची लहान बॅटरी, पेन्सिलीची दोन शिसं, ग्लासभर पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा, खिडक्या उघड्या, काडी पेटवायची नाही. पोरं बुडबुड्यांकडे बघत राहिली. एका शिशावर दुसऱ्याच्या दुप्पट बुडबुडे का, हे सातवीतल्या मुलीने बरोबर सांगितलं. मग त्याने फळ्यावर हिशेब मांडला: दीडशे द्यायचे, अठरा घ्यायचे. वर्ग हसला, तोही हसला. ट्रॅक्टरवरचा डबा त्याने त्याच दिवशी उतरवला.

आता ग्रामसभेत मी एकच मागणी करणार आहे. पंचवीस हजार बाहेरच्या माणसाला देण्यापेक्षा त्यातले थोडे ह्या पोराला द्या. पंचायतीच्या ट्रॅक्टरचे फिल्टर, नोझल, गळती आणि बॅटरी बघायचं काम वर्षभर त्याच्याकडे सोपवा, आणि महिन्याला डिझेलची नोंद फलकावर लावा. वाचलं तर सगळ्यांना दिसेल, नाही वाचलं तरी दिसेल.

तुमच्याही गावात कोणी पाण्यावर गाडी चालवायला आला, तर त्याला चहा जरूर पाजा. मग हळूच तीन प्रश्न विचारा: किती ॲम्पिअर, किती कप्पे, तासाला किती ग्रॅम हायड्रोजन? उत्तर मिळालं तर पेन्सिल काढा आणि हिशेब करा. उत्तर नाही मिळालं, तर पेन्सिलीचीही गरज नाही.